घरातले लेकरू आणि शासनाचा हात : विकासात्मक दिव्यांगांच्या आधाराचा इतिहास

वाशीम जिल्ह्याला जैन परंपरेच्या दृष्टीने महाराष्ट्रात एक वेगळे स्थान आहे. मालेगाव तालुक्यातील शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ आणि कारंजा येथील भट्टारकांच्या गाद्या व हस्तलिखितांची भांडारे यांमुळे या भूमीचे नाव देशभरातील श्रावकांच्या मुखी आहे. रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावांतील जैन कुटुंबे याच छायेत वाढली. कारंजा येथे १९१८ साली ब्रह्मचारी देवचंदजींनी, म्हणजेच पुढे मुनिश्री समंतभद्र महाराज म्हणून सर्वपरिचित झालेल्या महापुरुषाने, महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना केली आणि या भागात ज्ञानदानाची एक नवी परंपरा सुरू झाली. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा (स्थापना १८९९) आणि मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद जव्हेरी यांनी जी बोर्डिंगे उभारली, त्यांचाही हेतू हाच होता. खेड्यातल्या मुलाला घरातून उचलावे, वसतिगृहात ठेवावे, शिकवावे आणि घडवून परत पाठवावे, असा तो क्रम होता. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या अशाच जैन बोर्डिंगात काही काळ राहिले होते. या क्रमाने समाजाचे किती भले केले, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु प्रत्येक गावात असे एखादे मूल होते की, ज्याचे नाव गुरुकुलाच्या प्रवेशपत्रावर कधी लिहिले गेले नाही. त्याला घरात 'भोळा' म्हणत, गावात 'खुळा' म्हणत आणि वडीलधाऱ्यांपैकी कोणी दयाळू असेल तर 'देवाचे लेकरू' म्हणत. ते उशिरा बसले, उशिरा चालले. बोलणे तुटकच राहिले. वयाच्या विसाव्या वर्षीही अंघोळ आईनेच घालावी लागली. आज त्याच्या अवस्थेला बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम अशी निरनिराळी नावे आहेत. पूर्वी नाव एकच होते आणि उपायही एकच होता. तो म्हणजे आई. या मुलांसाठी शासनाने काय केले, केव्हा केले आणि ते घराच्या उंबरठ्याच्या आत कितपत पोचले, याचा मागोवा घेतला असता असे दिसते की, समाजाच्या आणि शासनाच्या दानबुद्धीला इमारत चटकन सुचली. घर मात्र फार उशिरा सुचले.

इंग्रजी अमदानीत या मुलांचा वेगळा विचारच नव्हता. नागपूर येथे १८६४ साली वेड्यांचे इस्पितळ उघडले गेले आणि पुढे वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेल्यावर या भागासाठीही तेच जवळचे ठिकाण ठरले. १९१२ च्या कायद्याने मनोरुग्ण आणि जन्मतः मंदबुद्धी यांना एकाच व्याख्येत कोंबले होते. मनोरुग्णाला आजार असतो, तो उपचाराने बरा होऊ शकतो. बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला आजार नसून तिच्या वाढीचा वेगच वेगळा असतो आणि तिला आयुष्यभर आधार लागतो. हा साधा भेद कायद्याच्या पुस्तकात उतरायला पुढची पंचाहत्तर वर्षे लागली.

महाराष्ट्रात पहिली पावले मुंबईत पडली. चिल्ड्रन्स एड सोसायटीने १९४१ मध्ये मतिमंद मुलांसाठी स्वतंत्र गृह सुरू केले. १९४४ मध्ये वकील या पारशी दांपत्याने डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या कन्येच्या निमित्ताने शाळा काढली. तीच आजची जय वकील शाळा होय. विदर्भात कमलाताई होस्पेट यांच्या मातृ सेवा संघाने नागपुरात 'नंदनवन' ही मतिमंद मुलांची शाळा चालविली. पुढे राज्यात अनेक ठिकाणी अनुदानित शाळा, निवासी विद्यालये आणि कार्यशाळा निघाल्या. हे कार्य थोर होते यात शंका नाही. पण शासनाचे अनुदान मुलाच्या मागे न जाता संस्थेच्या मागे गेले. मूल निवासी शाळेत असेल तर त्याच्या जेवणाखाण्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होई. तेच मूल केनवडात आईजवळ राहिले तर तिजोरीला त्याची खबरही नसे.

ही विसंगती केवळ महाराष्ट्राची नव्हती. अमेरिकेत केटी बेकेट नावाची तीन वर्षांची मुलगी १९८१ साली गाजली. श्वसनयंत्राची गरज असलेल्या या मुलीचा रुग्णालयातील खर्च सरकार देत होते. मात्र तिला घरी नेले असते तर तो लाभ बंद झाला असता. घरचा खर्च रुग्णालयापेक्षा कितीतरी कमी असूनही नियम तसा होता. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी स्वतः या प्रकरणाचा उल्लेख केला, नियम शिथिल झाला आणि त्याच वर्षी घरी व वस्तीत दिल्या जाणाऱ्या सेवांसाठी राज्यांना सरकारी निधी वापरण्याची मुभा देणारी तरतूद कायद्यात आली. पुढे बौद्धिक दिव्यांगांच्या मोठ्या संस्था ओस पडून हजारो लोक छोट्या घरांत किंवा स्वतःच्या कुटुंबात राहू लागले, त्याचे एक मोठे कारण ही तरतूद ठरली.

भारतात त्या सुमारास काय चालले होते? भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षात, १९७५ साली, श्री. डी. आर. मेहता यांनी जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. जयपूर फूटच्या रूपाने जैन समाजाची करुणा जगभर पोचली. १९८० साली महाराष्ट्र शासनाने संजय गांधी निराधार अनुदान योजना आणली. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होते आणि त्याच वर्षी केंद्राने अपंगांना साधने पुरविण्याची योजना सुरू केली. १९८४ मध्ये सिकंदराबादला मतिमंदांसाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. म्हणजे ट्रस्टच्या वाटचालीची ही पन्नास वर्षे आणि दिव्यांगांकडे शासनाचे लक्ष वळल्याचा कालखंड जवळजवळ एकच आहे. मात्र कृत्रिम पाय शिबिरात बसविता येतो, दात्याला त्याच दिवशी लाभार्थी चालताना पाहता येतो. बौद्धिक दिव्यांग मुलाला शिबिरात काय द्यावे? त्याला हवी असते रोजची सोबत, रोजचा सराव आणि आईला चार तासांची सुटका. त्याचे छायाचित्र निघत नाही. कदाचित म्हणूनच हे क्षेत्र दानशूरांच्या नजरेतून निसटले असावे.

१९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मतिमंदत्व मनोरुग्णतेच्या व्याख्येतून वगळले. हे योग्यच झाले. परंतु हा कायदा १९९३ मध्ये अमलात आला तेव्हा एक पोकळी निर्माण झाली. अठरा वर्षांवरील मतिमंद व्यक्तीचा कायदेशीर पालक नेमण्याची जुनी वाट बंद झाली आणि नवी उघडली नव्हती. आईवडीलसुद्धा कायद्याच्या दृष्टीने अशा प्रौढ अपत्याचे पालक राहिले नव्हते. १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या शासकीय गृहातील काही मतिमंद मुलींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढून टाकल्याचे उघड झाले आणि देशभर वादळ उठले. ज्यांना स्वतःसाठी बोलता येत नाही त्यांच्या वतीने कोणी बोलायचे, हा प्रश्न त्या घटनेने ऐरणीवर आणला. महाराष्ट्रातील पालक तर तो आधीपासूनच आपसांत विचारीत होते. माधवराव गोरे यांच्या पुढाकाराने पालकांनीच एकत्र येऊन बदलापूर येथे 'आधार' ही संस्था उभी केली, ती 'आपल्यानंतर काय?' या एकाच चिंतेतून.

या चिंतेला संसदेने दिलेले उत्तर म्हणजे १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी केंद्राने शंभर कोटी रुपयांचा मूळ निधी देऊन न्यास स्थापन केला. दिव्यांग व्यक्तीला तिच्या स्वतःच्या वस्तीत, शक्य तितक्या जवळ राहून, स्वतंत्रपणे जगता यावे आणि तिच्या कुटुंबाला संकटकाळी आधार मिळावा, ही या कायद्याची उद्दिष्टे आहेत. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची होती. प्रत्येक जिल्ह्यासाठी स्थानिक स्तर समिती नेमण्याची तरतूद झाली. तीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिघे असतात. पालक किंवा नातेवाईक आपल्या पसंतीच्या व्यक्तीला पालक नेमण्यासाठी या समितीकडे अर्ज करू शकतात. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला होता; त्यामुळे केनवडच्या माणसाला या कामासाठी अकोल्याची वाट धरावी लागली नाही.

न्यासाच्या योजनांपैकी २००८ मध्ये सुरू झालेली 'निरामय' आरोग्य विमा योजना घरापर्यंत पोचण्याच्या दृष्टीने सर्वांत सोपी म्हणावी लागेल. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही आणि नियमित उपचारपद्धतींचा खर्चही अंतर्भूत. इतर विमा कंपन्या ज्या मुलाला दारात उभे करीत नाहीत, त्याच्यासाठी हे औषधदानच होय. २०१५ मध्ये न्यासाने लहान मुलांसाठी 'दिशा', मोठ्यांच्या दिवसभराच्या सांभाळासाठी 'विकास', काही काळाच्या निवासासाठी 'समर्थ', प्रौढांच्या कायमच्या निवासासाठी 'घरौंदा' आणि सांभाळकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी 'सहयोगी' अशा योजना नव्याने मांडल्या. कागदावर हा संसार परिपूर्ण आहे. अडचण एवढीच की, ही केंद्रे न्यासाकडे नोंदणी झालेल्या संस्थाच चालवू शकतात आणि अशा संस्था मुख्यतः शहरांत असतात. शहरातले दिवसभराचे केंद्र खेड्यातल्या आईच्या काय कामाचे?

दरम्यान निवासी व्यवस्थेची काळी बाजूही समोर आली. २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातल्या एका मतिमंद बालगृहातील मुलांच्या कुपोषणाने झालेल्या मृत्यूंची बातमी छापून आली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. अशा गृहांची राज्यभर पाहणी झाली, सुधारणांचे आदेश निघाले. चार भिंती आणि अनुदान एवढ्याने सेवा होत नाही, हे त्या वेळी पुरते स्पष्ट झाले.

याच्या अगदी उलट उदाहरण अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याजवळच्या वझ्झर येथे पाहावयास मिळते. गाडगेबाबांचे अनुयायी शंकरबाबा पापळकर यांनी तेथील बालगृहात शंभराहून अधिक बेवारस मतिमंद व दिव्यांग मुलांना वाढविले, त्यांना स्वतःचे नाव दिले. त्यांचा शासनाशी असलेला झगडा एका नियमावर आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृहातील मुलाचा तेथील हक्क संपतो. धडधाकट तरुण बाहेर पडून पोट भरू शकतो. पण ज्याचे मन पाच वर्षांच्या बालकाचे आहे, त्याने अठराव्या वाढदिवसाला कोठे जावे? बेवारस मतिमंदांना आजन्म तेथेच राहू देणारा कायदा करावा, ही बाबांची अनेक वर्षांची मागणी आहे. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वझ्झर ही तशी संस्थाच; तरीही ती घर ठरते, कारण तेथे मुलांना परत पाठविण्याची तारीख ठरलेली नसते.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा (अंमलबजावणी एप्रिल २०१७ पासून) हा या इतिहासातील पुढचा टप्पा. दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले आणि स्वमग्नतेला त्यात स्थान मिळाले. त्याच्या पाचव्या कलमात दिव्यांग व्यक्तीचा समाजात राहण्याचा हक्क सांगितला असून घरपोच, निवासी व वस्तीतील सेवा तिला उपलब्ध करून देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. अधिक आधाराची गरज असणाऱ्यांच्या सांभाळकर्त्यांना भत्ता देण्याचाही उल्लेख या कायद्यात आहे. केरळ राज्याने तर त्यापूर्वीच 'आश्वासकिरणम' योजनेतून अशा सांभाळकर्त्यांना दरमहा मदत देण्यास प्रारंभ केला होता. रक्कम तुटपुंजी खरी. पण घरातल्या आईचे काम हेही काम आहे, ही मान्यता त्यात होती.

महाराष्ट्रात घरापर्यंत आलेली शासकीय मदत शोधू गेल्यास ती निरनिराळ्या खात्यांत विखुरलेली आढळते. बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघर येथून सुरू झाला. अंगणवाडी आणि शाळेत जाऊन पथक मुलांना तपासते व वाढीत मागे असलेल्यांना जिल्हा स्तरावरील उपचारासाठी पाठविते. २०१८ नंतर आशा सेविकेने तीन महिन्यांपासून पंधरा महिन्यांपर्यंतच्या बाळाच्या घरी पाच वेळा जाऊन त्याची वाढ पाहावी, असा कार्यक्रम आला. तो आधी आकांक्षित जिल्ह्यांत लागू झाला आणि वाशीम त्यांपैकीच एक असल्याने येथे तो लवकर पोचला. मूल मान कधी धरते, नजर देते की नाही, हाक मारल्यावर वळते का, हे पाहणारे डोळे प्रथमच सरकारी खर्चाने घरात आले. पहिल्या वर्ष-दीड वर्षात हे लक्षात आले तर व्यायाम आणि सरावाने पुष्कळ साधता येते, म्हणून या पाच भेटींचे मोल मोठे आहे.

शिक्षणाच्या बाबतीत २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्या बालकांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. समग्र शिक्षा अभियानातील विशेष शिक्षक तालुक्याच्या गट साधन केंद्रातून गावोगाव फिरतात आणि अशा मुलांच्या घरी जातात. घरचे शिक्षण म्हणजे अक्षरे गिरविणे नव्हे. चमचा धरणे, चप्पल ओळखणे, लघवी लागल्याची खूण करणे, घराचे दार कोणते ते सांगणे, हाच तो अभ्यासक्रम. शास्त्रदानाची व्याख्या येथपर्यंत रुंद करावी लागते.

मग वयाची अठरा वर्षे पूर्ण होतात आणि शिक्षक येणे थांबते. उरते ते तहसील कार्यालयातून मिळणारे अनुदान. संजय गांधी योजनेची रक्कम दीर्घकाळ महिना ६०० रुपयांवर रेंगाळली होती. ती पुढे १,००० झाली, २०२३ मध्ये १,५०० झाली आणि २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी २,५०० करण्यात आली. केंद्राच्या २००९ च्या इंदिरा गांधी दिव्यांग योजनेतून ८० टक्के व अधिक दिव्यांगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना ३०० रुपये मिळतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करावी, असाही नियम आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग स्थापिला. पैशाचा ओघ वाढला, हे नाकारता येणार नाही. पण सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आले की रोजगार बुडवून घरी बसावे, की मुलाला आत ठेवून बाहेरून कडी लावावी, हा पेच अनेक घरांत अजूनही सुटलेला नाही. त्या दिवशी आईला पैशापेक्षा माणूस हवा असतो आणि गावात येऊन चार तास बसणारा माणूस कोणत्याही योजनेने दिलेला नाही.

या पोकळीकडे जैन समाजाने आपल्याच परंपरेतून पाहावयास हरकत नाही. सहा अभ्यंतर तपांत वैयावृत्त्याची गणना होते. ज्यांची सेवा करावयाची त्यांत 'ग्लान' म्हणजे रोगाने क्लांत झालेल्याचा समावेश आहे. मुनिसेवेसाठी सांगितलेले हे तप श्रावकाने घराघरांत आचरणे कठीण नाही. दुसरी परंपरा पांजरापोळाची. मुंबईचा पांजरापोळ १८३४ मध्ये स्थापन झाला. माणसाची जनावराशी तुलना करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. सांगावयाचे ते एवढेच की, जो जीव कधी बरा होणार नाही, कधी कामाला येणार नाही, त्यालाही अखेरपर्यंत सांभाळण्याची खर्चाची तरतूद करावयाची असते, हे या समाजाला कोणी शिकवावे लागले नाही. मात्र मुक्या जीवासाठी उघडपणे देणगी देणाऱ्या घरांतही स्वतःच्या मतिमंद मुलाविषयी पाहुण्यांसमोर मौन पाळले जाते. भावंडांच्या सोयरिकीत अडथळा येईल, ही भीती त्यामागे असते. २०११ च्या जनगणनेत मतिमंदांची प्रथमच वेगळी मोजणी झाली आणि महाराष्ट्रात त्यांची संख्या सुमारे १ लाख ६० हजार भरली. दाराशी आलेल्या प्रगणकाला जी मुले सांगितलीच गेली नाहीत, ती या आकड्यात नाहीत. प्रमाणपत्र नाही, म्हणून विमा नाही, म्हणून अनुदान नाही, अशी ही साखळी घरातल्या मौनापासून सुरू होते.

खेड्यातील ट्रस्टला यात करण्यासारखे काम इमारतीविना होण्याजोगे आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून मिळवून देणे, निरामयचा अर्ज भरणे आणि त्याचे वेळेवर नूतनीकरण करणे, दरवर्षीचा उत्पन्नाचा व हयातीचा दाखला तहसीलला पोचविणे, सोंगणीच्या हंगामात शेजारच्या दोन स्त्रियांना मानधन देऊन बसविणे, या कामांसाठी एक जाणता कार्यकर्ता आणि थोडा प्रवासखर्च पुरतो. त्यावर दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी लावता येत नाही, एवढीच काय ती उणीव. न्यासाच्या कायद्यानुसार स्वयंसेवी संस्था आणि पालकांचे संघ नोंदणीसाठी अर्ज करू शकतात. अशी नोंदणी झालेली संस्था पालक नेमण्याचा अर्जही करू शकते.

व्यापारी घरांना या पालकत्वाचे स्वरूप परके वाटू नये. समितीने नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत दिव्यांग व्यक्तीच्या मालमत्तेची, येण्याची आणि देण्याची यादी सादर करावी लागते, आणि पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. दुर्लक्ष किंवा मालमत्तेचा अपहार आढळल्यास समिती त्याला दूर करू शकते. या प्रमाणपत्राच्या आधारे बँकेत खाते उघडून चालविण्यास रिझर्व्ह बँकेने अनुमती दिली आहे. वडिलांच्या पश्चात दुकानाचा किंवा शेताचा हिस्सा भोळ्या भावाच्या नावे निघतो खरा, पण त्याचा अंगठा कोण कोठे उमटवून घेईल याचा नेम नसतो. अशा वेळी हा जमाखर्च म्हणजेच त्याचे अभय. अर्जात नियोजित पालकाची लेखी संमती लागते. सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांनी ती कोणाची घ्यावी, मोठ्या मुलाची, पुतण्याची की लग्न होऊन पुसदला किंवा हिंगोलीला गेलेल्या मुलीची, हे त्यांनाच आणि हयातीतच ठरवावे लागते. स्थानिक स्तर समितीचे कामकाज वाशीम येथे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली चालते.